देवाचा वाटा आपल्याच ताटातून

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कीर्तनकार नाही. दिंडीच्या भिशीची वही आमच्या घरात आजोबांपासून आहे, एवढीच आमची ओळख. कुणाची भिशी आली, कुणाची राहिली, ज्वारीची पोती किती जमली, ट्रकला डिझेल किती लागलं, आचाऱ्याला काय दिलं, हे लिहिणारी माणसं आम्ही. यंदा मंडळींनी आग्रह धरला की वहीवाल्यांनीही चार शब्द बोलावेत. आता हिशोबाचा माणूस बोलणार ते हिशोबाचंच. म्हणून आज आपल्यासमोर देवाच्या वाट्याबद्दल बोलायचं ठरवलं आहे. कुणी त्याला दशमांश म्हणतं, कुणी दहावा हिस्सा म्हणतं. आमची आजी म्हणायची, 'इठोबाची मूठ'.

आजीच्या जात्याशेजारी एक मडकं असायचं. दळण घालायला सुपात ज्वारी घेतली की आधी एक मूठ मडक्यात जायची, मग पहिला घास जात्यात. पाहुणे आलेले असोत, पोरं भुकेनं रडत असोत, हा क्रम चुकायचा नाही. आम्ही लहानपणी विचारायचो, "आई, दळून झाल्यावर उरलं तर टाकावं की." ती म्हणायची, "उरलेलं कुत्र्यालाबी घालत्यात. देवाचं आधी."

एक मूठ म्हणजे किती? पन्नास ग्रॅम धरा. वर्षाचे ३६५ दिवस ही मूठ निघाली, तर अठरा किलो ज्वारी होते. अठरा किलोत सहज दीडशे भाकरी होतात. म्हणजे एका बाईनं, घरात कुणाला काही कमी पडल्याचं न जाणवू देता, वाटेवरच्या दीडशे भाकरी उभ्या केल्या. आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती कुणा एका मोठ्या देणगीवर नाही. जुन्या वह्या चाळल्या तर दिसतं, निम्म्याहून जास्त नोंदी शेर-दोन शेर धान्याच्या, मीठ-मिरचीच्या, गूळ-शेंगदाण्याच्या आहेत.

खळ्यावरही हीच रीत होती. मळणी होऊन रास लागली, तिची पूजा झाली की मापं मोजायला सुरुवात व्हायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे आपल्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आमचे वडील ते लाभाचं माप बाजूला ठेवायचे. पुढं बलुतेदारांचं ज्याचं त्याचं निघायचं, वासुदेव, गोसावी येऊन जायचे, अन् शेवटी घरी न्यायच्या धान्यातून दहाला एक या हिशोबानं देवाचं पोतं शिवलं जायचं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दहावाच हिस्सा द्या, असा आपल्या संप्रदायात दंडक नाही. गळ्यात माळ घातली की एकादशी आली, हरिपाठ आला, वारी आली, शुद्ध आहार अन् शुद्ध वागणूक आली. दशमांश हा ज्याचा त्यानं स्वतःला लावून घ्यायचा नेम आहे. शीख बांधव दसवंध काढतात, मुसलमान बांधव जकात काढतात, ख्रिस्ती लोकांतही दहावा हिस्सा काढायची रीत आहे. सगळीकडच्या शहाण्या माणसांना एकच गोष्ट कळली असावी, की मिळालेलं सगळंच्या सगळं आपलं मानलं की माणूस बिघडतो.

देवाला काय कमी आहे? आपला देव तर विटेवर उभा आहे, अन् दोन्ही हात कमरेवर आहेत. घ्यायला त्यानं हात पुढं केलेलाच नाही. तेव्हा हा वाटा त्याच्या गरजेसाठी नाही, आपल्या गरजेसाठी आहे. मूठ सोडायची सवय हाताला लागावी म्हणून आहे.

१९७२ चा दुष्काळ आम्ही पोरवयात पाहिला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला गेली. वडील अन् आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, कामावर सुकडी मिळायची. तिची चव अजून जिभेवर आहे. त्या वर्षी आम्हाला वाटलं, आता काही मडक्यात मूठ पडत नाही. पण आजीनं मिलोचीच मूठ टाकली. मूठ लहान झाली होती, बोटं आत घेऊन बांधलेली, पण पडली. वडील काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारच्या घरातलं एक पोर तापानं फणफणलं, त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती. आजीनं मडकं उपडं केलं अन् ते धान्य त्या घरी दिलं. आम्ही म्हणालो, "हे तर इठोबाचं होतं!" ती म्हणाली, "मग त्यालाच दिलं की."

हे सगळं सांगताना तुम्हाला वाटेल, वहीवाल्यांच्या घरची मोठी पुण्याई सांगून राहिलेत. म्हणून आता आमची चूकही सांगतो. शंभराव्या वर्षी ती वहीत यायला हवी.

वडील गेल्यानंतरची गोष्ट. एका वर्षी उन्हाळी कांद्याला चांगला भाव लागला. हातात पैसा खुळखुळला. आम्ही रात्री कंदिलाजवळ बसून हिशोब केला, दहावा हिस्सा काढला, वर अकरा रुपये घातले, अन् पालखी लोणंदला मुक्कामी असताना दिंडीत भरले. त्या संध्याकाळी हरिपाठानंतर आमचं नाव पुकारलं, आकडाही पुकारला. शाल-नारळ दिला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. रात्री झोप लागेना, एवढा आनंद.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तरडगावला मुक्काम पडला. पंगती उठल्यावर आम्ही तंबूत कंदिलापाशी वही उघडून बसलो होतो. आमच्याच गावची एक माउली आली. कांदा लावणीपासून काढणीपर्यंत आमच्या रानात राबलेली. तिची अर्धी भिशी राहिली होती, वहीत तिच्या नावापुढं आम्ही स्वतःच्या हातानं 'बाकी' लिहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "अण्णा, भिशीचं ऱ्हायलंय माझं. तुमच्याकडं काढणीची आठ दिसांची मजुरी हाय, त्यातनं कापून घ्या."

मंडळी, ती रागानं बोलली नाही. टोमणाही नव्हता. तिला खरंच भिशीची काळजी होती, देवाचं देणं अंगावर घेऊन पंढरीला कसं जायचं म्हणून. अन् आम्ही? कांद्याचे पैसे आल्यावर खताच्या दुकानाचं दिलं, पोराला सायकल घेतली, देवाचा दहावा हिस्सा काढला, नि बायांची मजुरी 'वारीहून आल्यावर बघू' म्हणून ठेवून दिली. दहा बायांचे आठ-आठ दिवस. म्हणजे लोणंदला जी शाल आमच्या अंगावर पडली, ती आमच्या पैशाची नव्हतीच. त्या बायांच्या पैशातून आम्ही देवाला दान केलं होतं, अन् वर त्यांच्यातल्याच एकीच्या नावापुढं बाकी लिहून बसलो होतो.

त्या रात्रीही झोप लागली नाही, पण कारण वेगळं होतं.

सकाळी फलटणला पोचल्यावर धाकट्या भावाला एसटीनं गावी धाडलं. त्यानं बाकीच्या बायांच्या घरी जाऊन मजुरी चुकती केली अन् तो बरडच्या मुक्कामाला परत दिंडीत आला. त्या माउलीच्या हातावर तिचे पैसे आम्ही स्वतः ठेवले. तिनं मोजून घेतले, त्यातले भिशीचे परत आमच्या हातावर ठेवले, म्हणाली, "आता ल्ह्या माझं नाव पुरं." आम्ही ती शाल तिच्या खांद्यावर टाकायला गेलो. तिनं घेतली नाही. "मजुरी पोचली, बास झालं. शाल कशापायी?" एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

तिचं बरोबर होतं. मजुरी देणं म्हणजे दान नव्हे. दुसऱ्याचं दुसऱ्याला दिलं, त्यात शालीचं काय काम?

त्या दिवसापासून आमच्या डोक्यात हा विषय घोळत राहिला, अन् संतांची चरित्रं आम्ही नव्यानं ऐकू लागलो. तुकोबारायांची गोष्ट आपण सगळेच ऐकतो. घरात सावकारी होती, दुष्काळानं होत्याचं नव्हतं झालं, अन् तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवायची ठरवली. पण परंपरेनं सांगितलेली ही गोष्ट पुरी ऐका. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, मला संसार करायचा आहे, माझं काय? तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला, अन् इंद्रायणीत बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. एवढे मोठे विरक्त, पण भावाच्या हक्काचं पान त्यांनी डोहात जाऊ दिलं नाही. त्याग करायचा तो आपल्याच वाट्याचा. देवाचा वाटा आपल्याच ताटातून निघाला पाहिजे, शेजारच्या ताटातून नाही.

चोखोबारायांचं स्मरण करा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली अन् तिच्याखाली ते गेले, असं परंपरा सांगते. म्हणजे आपला हा महान संत शेवटच्या घटकेला मजुरीच्या कामावर होता. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या अन् महाद्वारात समाधी दिली. पंढरीला जाणारा प्रत्येक वारकरी आधी तिथं माथा टेकतो. जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. तिच्या जात्याला देवानं हात लावला, असं आपण भक्तिभावानं गातो, ऐकतो. मग राबणाऱ्याची मजुरी थकवून त्याच देवापुढं दहावा हिस्सा ठेवला, तर तो कुणाच्या बाजूला उभा राहील?

म्हणून आमच्या घरात आता हिशोबाचा क्रम ठरला आहे. तो तुमच्यापुढं ठेवतो, पटला तर घ्या.

पहिलं, ज्यांनी राबून दिलं त्यांची मजुरी. आठवड्याचा बाजार यायच्या आत.

दुसरं, अंगावरचं देणं. सोसायटीचा हप्ता, दुकानदाराची उधारी, उसनं आणलेलं.

तिसरं, देवाचा वाटा. आपल्या ताटात वाढून घेण्याआधी.

चौथं, आपलं घर.

यात देव तिसऱ्या नंबरावर गेला असं कुणाला वाटेल. तसं नाही. पहिले दोन आकडे आपले नाहीतच, ते दुसऱ्याचे आपल्याकडं ठेवलेले आहेत. आपलं म्हणून जे उरतं, त्यात देव पहिलाच आहे.

काही माउली विचारतात, डोक्यावर कर्जच कर्ज आहे, दहावा हिस्सा कुठून काढू? त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे, काढू नका. गाडगेबाबा कीर्तनातून आयुष्यभर हेच सांगत फिरले, की कर्ज काढून सणवार करू नका, देवाच्या नावानं कर्जात बुडू नका. ते काही कोरडं बोलत नव्हते. त्यांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या अन् स्वतः गाडग्यात मागून आणलेली भाकर खाल्ली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. दिलं म्हणजे दिलं, मागं दोरी बांधून ठेवली नाही.

कर्जदार माणसाला दुसरा वाटा मोकळा आहे, तो म्हणजे वेळेचा. दिवसाचे चोवीस तास, त्याचा दहावा हिस्सा दोन तास चोवीस मिनिटं. आपल्या दिंडीत एक आजोबा होते. भिशी त्यांना कधीच पुरती भरता आली नाही. पण पहाटे तीनला उठून टँकरवरून पाणी भरून ठेवायचे, म्हाताऱ्या माणसांच्या पथाऱ्या गुंडाळायचे, अन् मुक्काम हलल्यावर मागं राहून पत्रावळी वेचायचे. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढं कायम बाकी दिसते. खरं तर बाकी दिंडीकडंच त्यांची होती. अन् गंमत बघा, आषाढीचे वीस-एकवीस दिवस आणि ज्यांना कार्तिकीला चालत पंधरा दिवस लागतात त्यांचे ते पंधरा, मिळून छत्तीस होतात. ३६५ चा दहावा हिस्सा तेवढाच होतो. पायी वारी करणाऱ्यानं वर्षाचा दशमांश पायांनीच दिला की!

एकादशीचंही तेच. वर्षाच्या चोवीस एकादश्या. उपवास केला तर घरातलं एक-एक वेळचं धान्य वाचतं, ते मडक्यात जावं. पण आपण काय करतो? साबुदाणा, वरई, शेंगदाणे, बटाटे, केळी, अन् वर दही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावरच केलेली आहे. हसा, पण घरी गेल्यावर एकदा हिशोब करा.

पगारदार पोरं आता दिंडीत येतात. पुण्या-मुंबईची, कंपनीत काम करणारी. त्यांना एवढंच सांगणं, की पगार खात्यात पडला की पहिल्या दिवशी वाटा वेगळा करा. महिनाअखेरीला काढायला गेलात तर काही सापडत नाही. दहावा जमत नसेल तर विसावा काढा, पन्नासावा काढा, पण ठरवलेला मोडू नका. आजीची मूठ दुष्काळात लहान झाली होती, बंद झाली नव्हती.

अन् हा वाटा दिंडीतच आला पाहिजे असंही नाही, हे आमच्यासारख्या वहीवाल्यानं सांगावं याचं कुणाला नवल वाटेल. २०२० साली महामारीत पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटी बसनं पंढरीला गेल्या. आपण सगळे घरात बसून रडलो. ज्येष्ठ संपला तरी मडकी भरलेली, अन् दिंडीचा ट्रक दारात उभा. त्याच दिवसांत शहरातनं माघारी आलेली कुटुंबं गावच्या शाळेत मुक्कामाला ठेवली होती. आपल्या दिंडीच्या घरांनी मडकी तिथं नेऊन रिकामी केली. त्या वर्षीच्या वहीत मुक्कामांची नावं नाहीत. एकच नाव आहे, 'शाळा'. तरी आम्ही ती वारी चुकली असं धरत नाही.

आता शेवटचं, अन् थोडं अवघड. शताब्दीनिमित्त मंदिरात संगमरवरी फरशी बसवावी, तीवर मोठ्या देणगीदारांची नावं अन् रकमा कोराव्यात, अशी सूचना आली आहे. सूचना करणारी मंडळी आपलीच आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. देणाऱ्याचा मान राहावा असं त्यांना वाटतं. निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. पण आमचं मत विचाराल, तर रकमा कोरू नयेत. आजोबांच्या काळी वही लिहिली जायची, पण आकडा पुकारला जात नसे. या हाताचं त्या हाताला कळू नये, अशी रीत होती. पुकारायची पद्धत नंतर आली, अन् ती आली तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. पुकारलेल्या आकड्यानं आमचं काय झालं ते आत्ता सांगितलंच. हिशोब चोख पाहिजे, पै-पैचा पाहिजे, मागेल त्याला वही उघडून दाखवली पाहिजे. पण वही वेगळी, फरशी वेगळी. फरशीवर त्या माउलीच्या अर्ध्या भिशीला जागा मिळणार नाही, पाणी भरणाऱ्या आजोबांना तर मुळीच नाही. फरशीच्या पैशात मंदिराच्या ओट्यावर एक मोठी कोठी ठेवावी. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं मूठ टाकावी, अन् गावात ज्याची चूल पेटली नाही त्यानं न विचारता न्यावी. एवढी विनंती आहे.

उद्या सकाळी काला आहे. घराघरातून लाह्या येतील, दही येईल, कुणाचं लोणचं, कुणाच्या डाळी, सगळं एका परातीत कालवलं जाईल. मग प्रसाद हातावर पडेल तेव्हा यातलं माझं कोणतं अन् तुझं कोणतं, हे कुणालाच ओळखता येणार नाही. येताना घरची एक मूठ घेऊन या. अन् घरातून निघण्याआधी, कुणाचं काही द्यायचं राहिलं असेल, तर ते आज रात्रीच देऊन या.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. रामकृष्ण हरी!